जनरल रजिस्टर

जूनचा तिसरा सोमवार.
मार्केट यार्डाकडून हळदीचा वास येतोय
आणि माझ्या टेबलासमोर उभी आहे
नऊ वर्षांची थोकोझानी फिरी,
मागे तिची आई,
आईच्या हातात प्लॅस्टिकची फाइल,
फाइलीत मलावीहून आलेले कागद.

शाळेचा पट एकशे बारा.
मागच्या वर्षी एकशे एकतीस होता.
वाघचौरे सर आतून म्हणाले, "घ्या, सुवार्ताबाई, घ्या,
परदेशी विद्यार्थी आला की शाळेचं नाव होतं,"
आणि मग जरा हळू, "पटही."

विद्यार्थ्याचे संपूर्ण नाव, आडनाव आधी.
फिरी, थोकोझानी. आणि मधे?
मधे बापाचं नाव लागतं आमच्यात.
आई म्हणाली, मधे काही नाही.
मी बोटभर जागा सोडली.

मातृभाषा चिचेवा.
पोर्टलवर ती नाही. यादी खाली खाली सरकवली,
सिंधी, तमिळ, तुळू, उर्दू,
तळाशी 'इतर'.
धर्म ख्रिस्ती. इथं पेन सरळ चाललं.
जात.
मी वर पाहिलं.
आई मिरजेच्या दवाखान्यात दोन वर्षं शिकायला आलीय,
जात म्हणजे काय ते तिथं होस्टेलवर
कुणीतरी सांगितलं असावं.
तिच्या हसण्यावरून वाटलं.
"रेघ मारा," सर आतून.
मी रेघ मारली.
इतकी सोपी रेघ
माझ्या दाखल्यावर कुणी मारली नव्हती.

आधार नाही, पासपोर्ट आहे.
पोलिसांना चोवीस तासांत कळवायचं,
तो फॉर्म भरता भरता वीज गेली.
शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जांभळा शिक्का,
शिक्क्यात मासा.
वर्तणूक: चांगली.
हे मात्र सगळीकडे सारखंच लिहितात.

जन्मस्थळ: गाव, तालुका, जिल्हा.
तालुका कुठला घालायचा?
सर म्हणाले, "पूर्वी साहेबांची मुलं असतील ना आपल्याकडे,
बघा जुन्यात कसं लिहिलंय."
कपाटातून पहिलं रजिस्टर काढलं,
एकोणीसच्या पुरात भिजलेलं,
पंख्याखाली वाळवलेलं,
पापडासारखी पानं.

साहेबांची मुलं सापडली नाहीत,
ती वर डोंगरावर शिकत असतील, थंड हवेत.
पान एकेचाळीसवर दुसरीच मुलं होती.
दुष्काळात आलेली.
नाव: पावलू.
बापाचे नाव: ठाऊक नाही.
वय: सात, दातांवरून.
गाव: नदीपलीकडे.
कुणी आणले: स्वतः आला.

आमच्या घरात एक पावलू होता म्हणे,
पणजोबांच्याही आधी.
तोच असेल असं नाही.
पावलू तेव्हा पुष्कळ झाले.
पण 'नदीपलीकडे' हे शब्द
कुठल्याशा कारकुनानं इतके निगुतीनं काढलेत,
वेलांटीसुद्धा पुरात फुटलेली नाही.

मी आईला विचारलं, मंगोची कुठंशी आलं?
तिनं हवेत हातानं लांब काहीतरी आखलं,
पाणी, म्हणाली, मोठं पाणी, त्याच्या काठाला.
मग मी लिहिलं:
मु. मंगोची, तळ्याकाठी, देश मलावी.
तपासणीला साहेब आले तर विचारतील,
हा कुठला तालुका?
विचारू देत.

एवढा वेळ पोरगी
शिपाईमामांनी दिलेलं भडंग खात होती,
तिखटानं नाक ओढत, तरी पुडी सोडत नव्हती.
आता पुढं वाकली
आणि माझ्या अक्षरांवर तेलकट बोट ठेवून विचारलं,
हे मी?
हो, म्हटलं. हे तू. एकशे तेरा.

चौथीच्या वर्गातून शमुवेल आवळेला बोलावलं,
हिला घेऊन जा.
तो म्हणाला, "चल, थोका."
तिनं पूर्ण नाव सांगितलं.
तो म्हणाला, "थोकोजनी."
तिनं पुन्हा सांगितलं, थांबून थांबून,
बाई जसं शुद्धलेखन घालतात तसं.
व्हरांड्याच्या टोकापर्यंत
त्यांचं हेच चाललं होतं.

फाइल मिटत आई काहीतरी पुटपुटली,
तिच्या भाषेत; 'इतर'मध्ये.
वीज अजून आली नव्हती.
रेघेवरची शाई मी
तोंडानं फुंकून वाळवली.